लिफ्टच्या खोलीतला रनर

सूनबाई कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलून बसली, "मशीन ना? आमच्या घरी आहे की!" आणि तिथून माझं रक्त आटायला लागलं.

घरी होतं ते मशीन म्हणजे काय, तर चिरंजीवांनी नवा लॅपटॉप घेतल्यावर पलंगाखाली ढकललेला कॉम्प्युटर. त्याच्यावर आमची ही जुन्या चादरींची घडी ठेवायची. आणि मी पडलो लिफ्टचा मेकॅनिक. शाळा सातवीत सुटली, ती का सुटली हे मास्तरांना विचारा. चाळीस वर्षं लिफ्टांच्या मोटरी खाली-वर केल्या, आता घरी बसलोय. कॉम्प्युटरमधलं मला एवढंच कळतं की वायर गरम झाली की वास येतो. पण संध्याकाळी सूनबाई माझ्यासमोरच येऊन बसली आणि नखं कुरतडायला लागली. ती नखं कुरतडायला लागली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

"बाबा, सोपं आहे हो. आमचं ॲप आहे ना, दवाखान्यात नंबर लावायचं? त्यात कुणी इवलासा बदल केला तरी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून चालवाव्या लागतात. आजवर त्या भाड्याच्या मशीनवर चालायच्या. पण तिकडे इतकी गर्दी, दीड-दीड तास आपली पाळी येत नाही."

"म्हणजे नंबर लावायच्या ॲपलाच नंबर लागत नाही?"

"तेच ना! म्हणून आपलं स्वतःचं मशीन लावायचं. त्याला रनर म्हणतात. ते घरी बसून कंपनीला विचारत राहतं, काम आहे का, काम आहे का. काम आलं की करतं, निकाल कळवतं, परत विचारत बसतं."

मला ते मशीन ऐकूनच आवडलं. स्वतःहून काम मागणारा प्राणी चाळीस वर्षांत मला एक भेटला नव्हता.

"आणि नाही चाललं तर?"

परत नख तोंडात गेलं. "शुक्रवारी पाचला नवीन आवृत्ती जायची आहे. सगळ्या तपासण्या हिरव्या झाल्याशिवाय जात नाही. आणि बाबा, माझे सहा महिने पण शुक्रवारीच संपतात. ठेवायचं का काढायचं, ते तेव्हा ठरणार. सर म्हणाले, मशीनचं तू बोललीस, आता मशीन तुझं."

झालं. मशीन तिचं, दिवसभर ऑफिसात ती, आणि मशीनपाशी घरात कोण? मी. म्हणजे पोरीची नोकरी माझ्या गळ्यात. रात्रभर मी कूस बदलत होतो. ही म्हणाली, "अहो, चालू करून बघण्याआधीच किती ते मेलं टेन्शन!" तिला काय जातंय. तिच्या फक्त चादरी हलल्या होत्या.

मंगळवारी सूनबाईने निघायच्या आधी मशीनमध्ये काय काय भरलं, आणि म्हणाली, आता फक्त टोकन टाकायचं. टोकन म्हणजे या मशीनला कंपनीत घ्यायची परवानगी. ते देणार सर. सर येणार अकराला. आणि दिल्यापासून ते चालणार फक्त एक तास! मी म्हटलं, सरकारी शिक्क्याची शाईसुद्धा वाळायला यापेक्षा जास्त वेळ घेते. पण नियम म्हणजे नियम.

अकरा दहाला मोबाइलवर टोकन आलं. एकोणतीस अक्षरं, सगळी इंग्रजी, काही मोठी, काही छोटी, मधेच आकडे. खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर तेवढ्यात हजर. हे पोस्टातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण बिल्डिंगमधली कुठलीही गोष्ट यांच्या सल्ल्याशिवाय पोचत नाही. "मिस्त्री, तुम्ही टाइप करा, मी वाचतो. आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचलेत." मी एका बोटाने एक एक अक्षर शोधायला लागलो. तुम्हाला सांगतो, ती अक्षरं पाटीवर ओळीने का नसतात? ज्याने ती अशी विस्कटून लावली त्याला एकदा लिफ्टच्या बटणांवर सोडायला पाहिजे. पहिल्यानंतर सातवा मजला, मग बसा बोंबलत.

पहिलं टोकन त्यातच मेलं. सूनबाईने सरांची विनवणी करून दुसरं पाठवलं. ते आम्ही चाळीस मिनिटांत टाकलं, पण मशीन म्हणालं चालणार नाही. मग कळलं की पोस्टमास्तर जुनाच मेसेज वाचत होते. "पत्ता बदलला तर कळवायला नको का?" वर मलाच विचारतात!

तिसऱ्या टोकनच्या वेळी सूनबाईचा आवाज रडकुंडीला आला होता. "बाबा, सर विचारतायत की घरी नक्की कोण आहे." ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. घरी नक्की कोण आहे! एवढ्यात ही हात पुसत आली, चष्मा लावला, मला म्हणाली, "सरका," आणि चार मिनिटांत टोकन टाकून परत ओट्याकडे गेली. मी आणि पोस्टमास्तरांनी बराच वेळ एकमेकांकडे बघितलं नाही.

काळ्या पडद्यावर एक ओळ आली. फोनवर सूनबाई ओरडली, "बाबा, हिरवा ठिपका आला! मशीन कामाची वाट बघतंय!"

माझा जीव जरा भांड्यात पडतो न पडतो, तर अर्ध्या तासाने मशीन झोपलं. खरंच झोपलं. वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की ते झोपतं म्हणे. मग मी काय करणार? दर दहा मिनिटांनी माउस हलवत बसलो. जेवताना डावा हात माउसवर. पोस्टमास्तरांनी उपाय काढला, माउस टेबलफॅनला बांधा, पंखा मान फिरवेल तसा माउस फिरेल. सांगायला लाज वाटते, पण तासभर ते झकास चाललं. नंतर माउसची वायर पंख्याच्या मानेला गुंडाळली, कीबोर्ड ओढला गेला, तो पाण्याच्या तांब्यावर पडला, आणि तांब्यातलं पाणी हिच्या चादरींवर. संध्याकाळी सूनबाईने येऊन एक कुठलं तरी बटण दाबलं. आता झोपणार नाही म्हणाली. शिवाय वीज जाऊन आली तरी रनर आपोआप उठून कामाला लागेल अशी सोय केली. मी म्हटलं, पोरी, हे सकाळी नाही का करायचं? ती म्हणाली, सकाळी बस सुटत होती.

बुधवारी मशीनला कामं यायला लागली आणि दुसरंच संकट उभं राहिलं. काम आलं की त्याचा पंखा असा घोंघावायचा, जणू गिरणी सुरू झाली. दोन खोल्यांचं घर, उकाडा नुसता. हिने कंबरेवर हात ठेवले. "एक तर हे राहील, नाहीतर मी."

आता खरं सांगतो, इथे मी जे केलं ते मेकॅनिकच्या डोक्यातूनच येऊ शकतं. गच्चीवर लिफ्टची मशीनची खोली. किल्ली माझ्याकडे, कारण बिल्डिंगची लिफ्ट मी फुकटात बघतो. तिथे हवा मारायचा मोठा पंखा, पक्कं कुलूप, आणि जनरेटरची लाइन. आमचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणजे सर्वात वर, त्यामुळे नेटपण पोचतं. यापेक्षा बरी जागा रनरला मिळणार कुठे? अडचण एकच. खोलीतला सॉकेट तीन वर्षं मेलेला. तो बदला म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींना तीन वेळा सांगून झालं होतं.

सेक्रेटरी आमच्या समोरच्याच दारात राहतात. माणूस वाईट नाही, पण नियमाचा किडा. "लिफ्टवाले, अर्ज द्या. सभेत ठेवू."

"साहेब, सभा कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"घरातून वायर ओढली तर?"

"जिन्यात वायर लोंबता कामा नये! नियम अकरा."

लिफ्टवाले म्हणे. पानवाला, फुगेवाला, लिफ्टवाला. मी गप वर गेलो आणि सॉकेटचा नाद सोडून थेट लिफ्टच्या पॅनलमधून वायर घेतली. जे मी आयुष्यात हाताखालच्या कुणाला करू दिलं नाही, ते स्वतः केलं. लिफ्टला तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा लागतात. आधी एका फेजवर वायर घातली, मग वाटलं हा जरा गरम लागतोय, म्हणून काढून दुसऱ्यावर घातली. पहिल्याचा नट परत आवळला का? तेवढ्यात पोस्टमास्तर वर येऊन म्हणाले, मशीनखाली लाकडाची फळी घाला. मी फळी शोधायला गेलो. नटाचं तुम्ही समजून घ्या.

गुरुवार सुरळीत गेला. मी तर तीनदा वर जाऊन मशीनला नुसता हात लावून आलो, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

शुक्रवार. शेवटची मोठी तपासणी दुपारी तीन पंचवीसला सुरू झाली. एकूण चार भाग, एकेक तेरा मिनिटांचा, म्हणजे चार सतराला सगळं हिरवं. सरांनी सूनबाईला सांगितलं, तू घरी जाऊन मशीनपाशीच बस. ती पावणेचारला खाली पोचली, लिफ्टमध्ये शिरली, मागून सेक्रेटरी शिरले. त्यांच्या हातात माझ्याच नावाची नोटीस होती, सामाईक जागेत खाजगी यंत्र ठेवल्याबद्दल. आणि लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे उभी राहिली.

मी वरच होतो. मोटर गप्प झाली, पॅनलवरचा लाल दिवा लागला, आणि मी बघतो तर तो नट हाताने फिरतोय. एक फेज गेला होता. कॉम्प्युटर दुसऱ्या फेजवर, तो मजेत घोंघावतोय! पाना उचलला आणि तसाच खाली ठेवला. कारण नट आवळायचा तर मेन स्विच बंद करावा लागतो. हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची तरी आधी मेन बंद. आमच्या धंद्यात ही पहिली पाटी. आणि मेन बंद केला की कॉम्प्युटर बंद, तपासणी बंद, पोरीची नोकरी बंद.

धावत तिसऱ्यावर गेलो, दाराला तोंड लावलं. "सूनबाई!"

आतून सेक्रेटरींचा आवाज. "लिफ्टवाले, ताबडतोब बाहेर काढा!"

त्याच्यावर सूनबाईचा. "बाबा, मेन बंद करू नका! किती झालंय?"

"दुसऱ्या भागात आहे."

"मग चार सतरापर्यंत थांबा, मधे तुटलं तर पाचच्या आत उरकेलच असं नाही! आम्ही ठीक आहोत, दिवा आहे, पंखा आहे!"

"आम्ही म्हणजे कोण?" सेक्रेटरी ओरडले. "मी ठीक नाही!"

हे बघा, बंद लिफ्टमध्ये माणूस गप बसला तर त्याला काही होत नाही. दाराला हात लावायचा नाही, एवढंच. मी दोघांनाही ते तीनदा बजावलं, आणि वर पळालो. मग अर्धा तास माझं एकच काम. वर जाऊन पडदा बघायचा, खाली येऊन सांगायचं. चाळीस वर्षं लोकांना लिफ्टने नेलं, आणि त्या दिवशी मी एकटा जिन्याने किती वेळा चढलो-उतरलो त्याचा हिशेब माझ्या गुडघ्यांकडे आहे.

आत काय चाललं होतं ते दाराबाहेर ऐकू यायचं. पहिल्या फेरीला सेक्रेटरी नियम सांगत होते. दुसऱ्या फेरीला सूनबाई त्यांना रनर समजावत होती. तिसऱ्या फेरीला सेक्रेटरीच विचारत होते, "पण एखादी तपासणी लाल झाली तर ती कुणाच्या नावावर?" चार पाचला मी ओरडून सांगितलं, तीन भाग हिरवे, चौथा सुरू. आत टाळी वाजली. एकच टाळी, दोघांची मिळून.

पण बाहेर पोस्टमास्तर होते.

मी वर पडद्यासमोर उभा. घड्याळात चार नऊ. आणि दोर खाली जातो त्या भोकातून आवाज आला, लोखंडावर लोखंड, मग टक. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. दाराचं लॉक कुणीतरी पहारीने उचकटलं होतं. मागोमाग पोस्टमास्तरांचा आवाज, "या साहेब, एक पाय आधी टाका, मी धरतो."

माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि मेन चालू. तो सैल नट कुठल्याही क्षणी परत टेकला असता आणि लिफ्ट हलली असती. पुढचं मला सांगायचं नाही. मी एकदा बघितलंय, दुसऱ्याच्या बिल्डिंगमध्ये, तरुणपणी.

विचार वगैरे काही केला नाही. हात आधी गेला, डोकं मागून पोचलं. खटका खाली. कॉम्प्युटरचा घोंघाट खाली खाली जात थांबला.

भोकातून खाली बोंबललो, "मास्तर, दार सोडा! साहेब, पाय आत!" आवाज असा निघाला की पोस्टमास्तर पहार टाकून पहिल्या मजल्यापर्यंत गेले म्हणे. मग ब्रेक सैल केला, चाक फिरवलं, इंच इंच करत लिफ्ट तिसऱ्याला आणली.

दोघं वर आली. सूनबाईचा चेहरा पांढरा. माझी मान खाली.

"पोरी, मी बंद केलं. आठ मिनिटं राहिली होती. मी..."

"बाबा, बोलू नका, कुठे लावायचं ते सांगा!" लॅपटॉप तिच्या मांडीवर उघडासुद्धा झाला होता. "तीन भाग हिरवे आहेत ते हिरवेच राहतात. तुटलेला चौथाच परत चालवायचा. तेरा मिनिटं फक्त. पण मशीनला वीज द्या!"

मला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं! अर्धा तास मी जिन्यात मरत होतो.

नट आवळून मेन चालू केला असता तर काम झालं असतं. पण माझा हात त्या पॅनलकडे जाईना. मी तिथली माझी वायर उपटून काढली. "यातून आता एक धागा घेणार नाही."

"मग माझ्या घरातून घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "दार इथेच खाली आहे."

"साहेब, जिन्यात वायर लोंबेल."

"लोंबू दे की हो! वेळ काय चाललाय!" आणि स्वतः धावत जाऊन एक्स्टेन्शन आणलं. जिन्याच्या कठड्यावरून वायर वर घेतली, आणि कुणाचा पाय अडकू नये म्हणून त्यांची बायको पायरीवर उभी राहिली.

मशीन उठायला सहा मिनिटं. उठलं आणि म्हणालं, मी आधी माझी डिस्क तपासतो. तपास बाबा, आजच तपास! चार छत्तीस. तिकडे कंपनीला वाटतंय की जुनं काम अजून चालूच आहे. मेलेलं माणूस पटावर हजर. सूनबाईने ते रद्द केलं. चार अडतीसला चौथा भाग परत सुरू झाला. पुढची तेरा मिनिटं आम्ही चौघं त्या खोलीत उभे होतो, मी, सूनबाई, सेक्रेटरी, आणि चादरी वाळत घालायला आलेली ही.

चार एक्कावन्न. हिरवं.

सूनबाई खाली बसली आणि रडली. ही तिच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "बघताय काय, पाणी आणा."

पाचला आवृत्ती गेली. पाच दहाला सरांचा मेसेज आला, तपासणी मधेच तुटली कशी, लेखी कारण द्या. मी म्हटलं, "पोरी, लिही की सासऱ्याने पॅनलमधून चुकीची वायर घेतली. लपवू नकोस. माझ्या चुकीने लिफ्ट अडकली."

"लिहिलंय, बाबा."

"आणि?"

तिने वाचून दाखवलं. "माणूस दारात होता. चालवणाऱ्याने मेन बंद केला. बरोबर केलं."

मी म्हटलं, शेवटचं परत वाच. तिने परत वाचलं. मग मी काहीतरी शोधायला जिन्यात गेलो. काय ते आता आठवत नाही.

सरांचं उत्तर यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिने उरलेली सगळी नखं संपवली. शेवटी मोबाइल वाजला. हिनेच घेतला, चष्मा लावला आणि वाचलं. आधी एवढंच होतं, लिफ्टमधली माणसं ठीक आहेत ना? खाली दुसरी ओळ होती, सोमवारी ये, कायमचं पत्र तयार ठेवतो.

आठवडाभर मी त्या सरांना मनात शिव्या घातल्या होत्या. पण नोकरीच्या आधी माणसाचं विचारणाऱ्याच्या हाताखाली आपली पोर आहे म्हटल्यावर छातीवरचा दगड उतरला.

"काय कळवू बाबा?" सूनबाईने विचारलं.

मी खोलीत डोकावलो. सेक्रेटरी मांडी घालून पडद्यासमोर बसले होते. नोटिशीच्या पाठीवर पुढच्या कामाची वेळ लिहून घेत होते, आणि त्यांची बायको दारातून तिसऱ्यांदा घरी बोलावत होती.

"लिही, एक सुखरूप आहे," मी म्हटलं. "दुसऱ्याचं अजून सांगता येत नाही."